लस दिल्यावर लेकराचं पोट बिघडलं, तर गप्प बसू नका

साखरा आणि परिसरातल्या गावांमधल्या आया, बाप, आज्या आणि लेकरू सांभाळणाऱ्या सगळ्यांना तातडीचं आवाहन



लस दिलेल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लेकरू ओकलं, पातळ संडास झाली, दूध टाकलं, की घरातलं मोठं माणूस म्हणतं, "सुई बाधली." मग कुणी उगाळून चाटवायला घेतं, कुणी अंगावरचं दूध बंद करायला लावतं. पुढच्या महिन्यात आशाताई दारात आल्या, की "लेकरू मामाच्या गावाला गेलंय" असं सांगून त्यांना परत लावलं जातं. लेकराला नेमकं काय झालं होतं, हे नर्सबाईंच्या कानावर कधी जातच नाही.

ही गप्प बसण्याची सवय लेकरांच्या जिवावर बेतते, म्हणून हे आवाहन. मागणी तीनच गोष्टींची आहे. पोट बिघडलं तर लेकराला पाजणं थांबवू नका. काय झालं ते नर्सबाईंना किंवा आशाताईंना त्याच दिवशी सांगा. आणि कार्डावरची पुढची तारीख चुकवू नका.

लसीनंतर पोट का बिघडतं

दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिने या तीन वेळांना लेकराला तोंडातून दोन लसी मिळतात: पोलिओचे दोन थेंब आणि रोटाव्हायरसची लस. शिवाय पेंटाव्हॅलेंटची सुई असते. दीड आणि साडेतीन महिन्यांना न्यूमोकोकलची आणि दंडावर पोलिओची लहान सुईही असते. पोटाच्या तक्रारी बहुतांशी याच तीन वेळांना ऐकू येतात.

रोटाच्या लशीत जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो लेकराच्या आतड्यात काही दिवस राहतो, थोडा वाढतो आणि शरीराला त्याच्याशी लढायला शिकवतो. तेवढ्या काळात एखादी उलटी, काही पातळ संडास, थोडी किरकिर होऊ शकते. ती एक-दोन दिवसांत आपसूक थांबते. आपल्या देशातली रोटाव्हॅक ही लस ज्या विषाणूपासून बनली, तो दिल्लीच्या एम्स रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या विष्ठेत सापडला होता. त्याची लागण होऊनही ती बाळं आजारी पडली नव्हती, म्हणून शास्त्रज्ञांचं लक्ष त्याच्याकडं गेलं. रोटासील ही दुसरी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची आहे.

पेंटाव्हॅलेंटच्या सुईनं ताप येतो, मांडी दुखते, सुजते. तापलेलं लेकरू दूध कमी पितं, प्यायलेलं ओकतं. हा त्रासही एक-दोन दिवसांचाच.

रांगत्या-चालत्या लेकरांचं गणित थोडं वेगळं आहे. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची सुई आणि जीवनसत्त्व अ चा पहिला डोस असतो. सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाची दुसरी सुई, डीपीटीचा बूस्टर, पोलिओचा डोस आणि पुन्हा जीवनसत्त्व अ. या जीवनसत्त्वाच्या औषधानं काही लेकरांना मळमळ, उलटी किंवा सैल संडास होते आणि दिवसभरात थांबते. गोवर-रुबेलाचा ताप मात्र लगेच येत नाही, तो साधारण आठवडा-दीड आठवड्यानं येतो. तोवर घरातली माणसं सुई विसरलेली असतात.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसातून पाच-सहा वेळा, कधी प्रत्येक पाजण्यानंतर पिवळी, दाणेदार, सैल संडास करतं. तो आजार नाही, आईच्या दुधावरच्या बाळाची रीतच तशी आहे. नेहमीपेक्षा एकाएकी जास्त वेळा, पाण्यासारखी, घाण वासाची किंवा रक्त-आव मिसळलेली संडास झाली, तर ती जुलाब समजा.

शिवाय लस घेतलेल्या आठवड्यात दुसरं काही बाधणारच नाही, असा काही नियम नाही. बाटलीनं दूध सुरू केलेलं असतं, लग्नाकार्याला जाऊन तिथलं पाणी प्यायलेलं असतं, लेकरू खाली पडलेलं उचलून तोंडात घालत असतं, पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालेलं असतं. दोष सुईवर जातो आणि खरं कारण घरात तसंच राहतं. दुसऱ्या जुलाबाला तेच कारणीभूत होतं.

ही लस कशासाठी आहे

रोटाव्हायरसची हगवण काय चीज आहे, ते ज्या घरानं भोगलंय त्याला विचारा. पाण्यासारखी संडास, सोबत उलट्या, आणि काही तासांत लेकराच्या डोळ्यांत खड्डे. लस येण्याआधी आपल्या देशात पाच वर्षांखालची अंदाजे 78 हजार लेकरं दरवर्षी या एका विषाणूनं जात होती. जुलाबासाठी रुग्णालयात भरती होणाऱ्या दर दहा लेकरांपैकी जवळपास चौघांना हाच विषाणू सापडत होता. सरकारी लसीकरणात ही लस 2016 साली आली, महाराष्ट्रात 2019 साली. पहिला डोस लेकरू एक वर्षाचं व्हायच्या आतच घ्यावा लागतो. ती मुदत उलटली की ही लस सुरू करता येत नाही. "पुढं बघू" म्हणून ढकललेला डोस असा कायमचा हातचा जातो.

दोन दिवसांच्या सैल संडासला भिऊन लस सोडली, तर लेकरू जिवावरच्या हगवणीपुढं उघडं पडतं. हिशोब सरळ आहे.

घरी काय करायचं

अंगावरचं दूध चालू ठेवा. नेहमीपेक्षा जास्त वेळा, थोडं थोडं पाजा. रोटाचा डोस घ्यायच्या आधी किंवा नंतर पाजायला कसलीही आडकाठी नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी, साखरपाणी, ग्राईप वॉटर काही लागत नाही; जुलाब लागले तरच खाली सांगितलेलं ओआरएस.

सहा महिन्यांवरच्या लेकराचं खाणं तोडू नका. मऊ भात, वरणाचं पाणी, मऊ खिचडी, पेज, ताक, कुस्करलेलं केळं, जे खाईल ते थोडं थोडं द्या. "पोटाला विसावा" म्हणून उपाशी ठेवलेलं लेकरू लवकर खंगतं.

जुलाब लागले तर जलसंजीवनी म्हणजे ओआरएस द्या. आशाताई, अंगणवाडी आणि आरोग्य केंद्रात ते फुकट मिळतं. एक लिटरचं पाकीट असेल, तर ते पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकाच वेळी घाला. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात घातलं तर मिठाचं प्रमाण चुकतं आणि लेकराला अपाय होतो. झाकून ठेवा, चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्या.

किती द्यायचं, ते वयाप्रमाणं:
- दोन महिन्यांखाली: प्रत्येक पातळ संडासनंतर पाच चहाचे चमचे, सोबत अंगावरचं दूध. या वयातल्या जुलाबाला घरी उपचार करत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.
- दोन महिने ते दोन वर्षं: प्रत्येक संडासनंतर पाव ते अर्धा कप.
- दोन ते पाच वर्षं: अर्धा ते एक कप.

चमच्यानं, घोट घोट द्या. लेकरू ओकलं तर दहा मिनिटं थांबा आणि मग आणखी हळूहळू सुरू करा.

साधं मीठ-साखर-पाणी म्हणून याला हलकं समजू नका. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलऱ्यानं थैमान घातलं, सलाईन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच पाणी पिंपात कालवून रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. शंभरात तीसच्या घरातले मृत्यू चारच्याही खाली आले. सलाईन लावल्याशिवाय गुण येत नाही, हा आपल्याकडचा समज तिथंच खोटा ठरला होता.

ओआरएसबरोबर झिंकची गोळी चौदा दिवस द्यायची असते. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 20 मिलिग्रॅमची अर्धी गोळी आणि त्यापुढं एक गोळी. ती आईच्या दुधात किंवा स्वच्छ पाण्यात विरघळवून द्या. जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरे करा, कारण पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब लागायचं प्रमाण तिच्यामुळं घटतं.

तापासाठी नर्सबाईंनी दिलेलं पॅरासिटामॉल त्यांनी सांगितलेल्या मापानंच द्या. इथं एक चूक वारंवार होते. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप ही दोन वेगळ्या ताकदीची औषधं आहेत. थेंबांच्या एका मिलीत साधारण 100 मिलिग्रॅम औषध असतं, सिरपच्या पाच मिलीत 120 ते 250. सिरपचं माप थेंबांना लावलं तर लेकराच्या पोटात कितीतरी पट औषध जातं. बाटली बदलली की माप पुन्हा विचारून घ्या.

लंगोट बदलल्यावर साबणानं हात धुवा. रोटाच्या डोसनंतर काही दिवस तो दुबळा विषाणू संडासवाटे बाहेर पडत असतो. घरात दुसरं तान्हं किंवा आजारी माणूस असेल तर ही काळजी जास्तच घ्या.

काय अजिबात करायचं नाही

पोट फुगलं, लेकरू रडतंय म्हणून बिब्बा, तापलेला विळा, सुई, बांगडीचा तुकडा यांचे डाग देऊ नका. फेब्रुवारी 2025 मध्ये मेळघाटात अवघ्या 22 दिवसांच्या आजारी बाळाला घरच्यांनी 65 चटके दिल्याची बातमी साऱ्या महाराष्ट्रानं वाचली. चटक्यानं आतड्यातलं काहीही बरं होत नाही. भाजलेली जखम पिकते आणि आधीच थकलेल्या जिवाला दुसरा आजार जडतो.

अफूचा अंश असलेली घुटी देऊ नका. लेकरू शांत होतं ते बरं वाटून नव्हे, गुंगीनं. त्या गुंगीत श्वास मंदावतो. एक वर्षाच्या आत मध चाटवू नका. मोठ्या माणसाच्या जुलाब बंद करायच्या गोळीचा तुकडा तर मुळीच देऊ नका. त्यानं आतड्याची हालचाल थांबते, पोट फुगतं आणि घाण आतच राहते. प्रतिजैविकाचं औषधही स्वतःच्या मनानं नको, विषाणूवर ते चालत नाही.

सुईच्या जागी हळद, चुना, शेण, तेल काही लावू नका.

इथं एक तासही थांबू नका

खालचं एक जरी लक्षण दिसलं तर रात्र आहे, पाऊस आहे, कारभारी शेतात आहे, यांपैकी कशाचीही वाट न बघता 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनानं निघा. आधी साखऱ्याचं प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून डॉक्टर सांगतील तसं सेनगावचं ग्रामीण रुग्णालय किंवा हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय.

- लेकरू अंगावर ओढत नाही, काही पीत नाही, किंवा प्यायलेलं सगळं ओकतं.
- डोळे आत गेले, टाळू खोल गेली, तोंड कोरडं पडलं, पोटाची चिमूट सोडल्यावर कातडी हळूहळू मागं जाते.
- सहा-आठ तास लघवी नाही.
- लेकरू मलूल आहे, हाक मारली तरी नीट बघत नाही.
- संडासात रक्त.
- झटके आले, किंवा ताप उतरतच नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला चांगला ताप भरला तर तोही दाखवा.
- लस दिल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात अंगावर पित्ताच्या गांधी, ओठ-चेहऱ्यावर सूज, श्वासाला घरघर. यासाठीच लस दिल्यावर अर्धा तास तिथंच बसायला सांगतात. घाई करून उठू नका.

टाळू खोल गेली म्हणजे अंगातलं पाणी आटलं. तोंडात बोट घालून टाळू वर उचलून ती भरत नाही, पाणी दिल्यानं भरते.

एक आजार वेगळा सांगायला हवा. यात आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात शिरून अडकतो. लेकरू एकाएकी पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, थोडा वेळ निपचित पडतं, पुन्हा किंचाळतं. हिरवट उलट्या होतात, संडासात लालसर, जेलीसारखं रक्त येतं, पोटात गोळा लागतो. हा आजार लस न घेतलेल्या बाळांनाही होतो. काही देशांत रोटाच्या लशीनंतर, विशेषतः पहिल्या-दुसऱ्या डोसनंतरच्या आठवड्यात, तो लाखात एक ते सहा बाळांना जास्त झालेला आढळला. भारतात लस सुरू झाल्यावर केलेल्या पाहणीत अशी वाढ दिसली नाही. तरी ही लक्षणं प्रत्येक आईला तोंडपाठ हवीत. वेळेत नेलं तर बहुतेक वेळा आतडं सुटतं आणि लेकरू वाचतं. दिवस घालवला तर आतड्याचा तो भाग सडतो.

सांगितल्यानं काय होतं

"तक्रार केली तर बाई रागावतील", "आपलं कोण ऐकतंय" असं म्हणणाऱ्यांसाठी दोन खऱ्या घटना.

1998 साली अमेरिकेत रोटाशील्ड नावाची रोटाची पहिली लस आली. वर्षही पुरं झालं नव्हतं, तोच आतडं अडकल्याच्या 15 नोंदी सरकारकडं पोचल्या. 15 म्हणजे फार नव्हेत. तरी जुलै 1999 मध्ये ती लस थांबवली आणि ऑक्टोबरमध्ये बाजारातून काढली. आज आपल्या लेकरांना मिळणाऱ्या लसी वेगळ्या आहेत आणि त्या बाजारात यायच्या आधी त्यांची याच आजारासाठी कसून तपासणी झाली. त्यामागं त्या 15 नोंदी आहेत.

दुसरी घटना शेजारच्या जिल्ह्यातली. 31 जानेवारी 2021, पल्स पोलिओचा दिवस. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालच्या 12 मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी चक्क सॅनिटायझर पाजलं गेलं. उलटी, अस्वस्थपणा सुरू झाला, प्रकार उघडकीला आला, बाराही मुलांना यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात ठेवलं आणि सगळी सुखरूप राहिली. जबाबदार कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. दोष लसीचा नव्हता, बाटली न बघण्याचा होता. पण "डोस बाधला असेल" म्हणून आपण ती उलटी अंगावर काढली असती, तर चूक कळलीच नसती.

म्हणून लस घेताना विचारा, तुमचा तो हक्क आहे. कुठली लस, कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि पुढची तारीख कधी, हे नर्सबाईंनी प्रत्येक आईला सांगायचंच असतं. सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढायला सांगा. बाटलीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली, दोन्ही सारखे गडद झाले असतील तर ती वापरायची नाही. थेंब तोंडात जाताच लेकरानं थुंकून टाकले तर तिथंच सांगा, पुन्हा द्यायचे का ते नर्सबाई ठरवतील.

लसीनंतर झालेल्या त्रासाची नोंद ठेवायची सरकारी पद्धत आहे. आशाताईंनी नर्सबाईंना, त्यांनी वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवायचं असतं. गंभीर प्रकरण जिल्ह्याच्या समितीकडं जातं. ही साखळी आईच्या तोंडून सुरू होते.

पुढचा डोस चुकवला तर

2022 च्या शेवटी मुंबईतल्या गोवंडीत, मालेगावात, भिवंडीत गोवर पसरला आणि लेकरं दगावली. कोरोनाच्या काळात राहून गेलेले डोस हे त्यामागचं मोठं कारण होतं. गोवराचं लेकरू पुरळानं मरत नाही. गोवरानंतरच्या न्यूमोनियानं आणि हगवणीनं मरतं. पोट बिघडेल म्हणून सुई टाळली, तरी त्याहून वाईट पोट बिघडवणारा आजार वाट बघतच असतो.

साधी सर्दी, हलका ताप, थोडी सैल संडास असली तरी लस घेता येते. जोराचे जुलाब असतील तर डॉक्टर रोटाचा डोस थोडा पुढं ढकलतील, रद्द करणार नाहीत. एखादा डोस राहून गेला असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलं तिथून पुढं देतात. शरमून घरी बसू नका, कार्ड घेऊन जा.

ज्याचं त्याला सांगणं

आज्यांनो, घरात तुमचा शब्द चालतो. सुनेला पाजू द्या, डाग देऊ देऊ नका.

बापांनो, लेकराचं कार्ड एकट्या आईचं काम नाही. पुढच्या डोसची तारीख तुमच्या मोबाईलमध्ये घाला. रात्री कुणाची गाडी मिळेल, ते आधी ठरवून ठेवा.

ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा पुण्या-मुंबईकडं कामाला निघणाऱ्यांनो, निघण्याआधी आशाताईंना भेटा, कार्ड सोबत न्या. राज्यात कुठंही, कुठल्याही सरकारी आरोग्य केंद्रात पुढची लस फुकट मिळते.

आशाताई, अंगणवाडीताई, नर्सबाई, तुमच्यावरचा कामाचा भार गावाला दिसतो. तरी लस दिल्याच्या दुसऱ्या दिवशी एक फोन किंवा एक फेरी जरूर करा. आई तक्रार सांगत असेल तर तिला गप्प करू नका. तिचं ऐकून घेतलं, तर ती पुढच्या महिन्यात स्वतः येईल.

मेडिकलवाल्यांनो, तान्ह्या बाळाच्या जुलाबाला गोळ्यांची पुडी बांधू नका. ओआरएस आणि झिंक द्या, आरोग्य केंद्राची वाट दाखवा.

सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्यांनो, लसीकरणाच्या दिवशी दवंडी द्या. पाण्याच्या टाकीत क्लोरीन नियमित पडतं का, ते बघा. ओआरएसची पाकिटं गावात संपू देऊ नका.

प्रत्येक घरानं आजच लेकराचं लसीकरण कार्ड काढावं, पुढची तारीख बघावी, ओआरएसची दोन पाकिटं घरात आणून ठेवावीत आणि 108 हा आकडा दाराच्या मागं मोठ्या अक्षरात लिहावा. मागच्या डोसनंतर लेकराला काही त्रास झाला होता आणि तो कुणाला सांगितला नव्हता, तर उद्या सकाळी आशाताईंना सांगा.